टाचेतला काटा आणि रद्द केलेली तारीख

पणजी

तीर्थरूप आई-बाबांना साष्टांग नमस्कार.

बाबा, रागावू नका. आईच्या टाचेच्या शस्त्रक्रियेची तारीख मी काल रद्द केली. न विचारता केली हे चुकलेच, पण विचारले असते तर "एकदाचा तो काटा काढून टाकू" असेच तुम्ही म्हणाला असता.

एक्स-रे मी दुसऱ्या डॉक्टरांना दाखवला. हाड डाव्या टाचेत वाढले आहे तसेच उजव्या टाचेतही वाढले आहे, आणि उजवी टाच आईची कधीच दुखलेली नाही. असा काटा पुष्कळांना असतो व बहुतेकांना त्याचा पत्ताही नसतो. दुखते ती टाचेपासून बोटांकडे जाणारी तळव्याची जाड पट्टी. ती ताणाने टाचेपाशी झिजते आणि रात्री आखडते, म्हणून पहाटे तुळशीला पाणी घालायला निघताना पहिली पावले टाकवत नाहीत आणि मग कळ सैल होते. १० पैकी ८-९ जणांना शस्त्रक्रियेविना बरे वाटते, मात्र काही महिने, कधी वर्षही लागते. काटा तेव्हाही एक्स-रेत तसाच दिसेल.

शेणाने सारवलेली जमीन उखडून फरशी घालण्याचा हट्ट माझा होता, हे मला राहून राहून आठवते. आई, मंगेशीची पालखी पाहून परतताना पाय दुखतात म्हणून मी रडायचे आणि तू मला कडेवर घेऊन घरापर्यंत चालायचीस. तीच तू आता त्या फरशीवर तासन्‌तास अनवाणी उभी असतेस.

म्हणून मऊ तळव्याच्या चपला पाठवत आहे. त्या घरातच घालायच्या, देवघराच्या उंबरठ्याशी काढायच्या, म्हणजे सोवळ्याला बाध येणार नाही. उठण्याआधी अंथरुणातच पायाची बोटे हाताने आपल्याकडे ओढून १० आकडे मोजायचे, असे १० वेळा. बाबा, आकडे तुम्ही मोजा, ती ३ वरून थेट ८ वर जाते. रक्तदाबाच्या गोळ्या चालू असताना वेदनाशामक गोळ्या मनाने घ्यायच्या नाहीत. पाय बधिर झाला, सुजला किंवा रात्री झोपेतही ठणकू लागला, तर मात्र मला लगेच कळवा. चवथीच्या नेवऱ्या यंदा बसून करायच्या; लाटायला मी दोन दिवस आधी येते.

चपला सैल वाटल्या तर सांग, दुकानदार बदलून देणार आहे.

तुमची,
बाय