मधुमेहींच्या हृदयाची अर्धीच बातमी

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

कालच्या अंकात मधुमेहींच्या हृदयविकारावर ‘वर्तुळाकार आरएनए’ (पेशीतील आरएनएचा कड्यासारखा बंद रेणू) हे वरदान ठरणार असल्याचे वाचल्यापासून त्याचे इंजेक्शन कुठे मिळते, असे विचारणारे नातेवाइकांचे फोन आमच्याकडे सुरू आहेत. प्रयोग उंदरांवर झाला, हे बातमीच्या शेवटच्या ओळीत आहे. तिथवर किती जण वाचतात?

या संशोधनाचे मोल मला कमी लेखायचे नाही. मोकळी टोके नसल्यामुळे हा रेणू टोकाकडून कुरतडणाऱ्या विकरांना दाद देत नाही आणि पेशीत दीर्घकाळ टिकतो. परंतु ‘वर्तुळाकार आरएनए’ हे एका औषधाचे नाव नव्हे. २०१६ मध्ये उंदरांच्या हृदयाला अतिवाढीपासून वाचवणारा असा एक रेणू सापडला. २०१७ मध्ये मात्र मधुमेही उंदरांच्या हृदयात वाढलेला दुसराच एक रेणू तंतुमयतेला, म्हणजे हृदयात व्रणासारखे कडक धागे साचण्याला, चालना देताना दिसला. म्हणजे एक वाढवायचा आणि दुसरा दाबायचा. आपल्या बातमीतला यांपैकी कोणत्या प्रकारचा, आणि असा रेणू वाहून नेण्यासाठी शिरेतून दिलेले सूक्ष्म मेदकण बहुतांशी यकृतातच अडकत असताना तो हृदयापर्यंत न्यायचा कसा, याविषयी एक शब्दही नाही.

मला खरा त्रास वेगळ्याच गोष्टीचा झाला. माझ्या यजमानांना अनेक वर्षांचा मधुमेह आहे. जिना चढताना त्यांना धाप लागू लागली, तेव्हा टू-डी एको (हृदयाची सोनोग्राफी) काढून ‘पंपिंग ६० टक्के, हृदय उत्तम’ असे सांगून आम्हाला घरी पाठवण्यात आले आणि धापेचे खापर वयावर फोडण्यात आले. पुढे पायांवर सूज येऊन त्यांना दाखल करावे लागले, तेव्हा दुसऱ्या डॉक्टरांनी समजावले की मधुमेहात हृदयाचा स्नायू ताठर होतो, आकुंचन नीट होते पण तो पुरेसा सैल होत नाही, आणि म्हणून पंपिंगचा आकडा चांगला असूनही हृदय निकामी होत असू शकते. हे आम्हाला आधी कुठेच वाचायला मिळाले नव्हते. पंपिंग चांगले असलेल्या अशाच सुमारे ६ हजार रुग्णांवरील चाचणीत एम्पाग्लिफ्लोझिन या मधुमेहावरील औषधामुळे हृदय निकामी होऊन रुग्णालयात दाखल होण्याचे प्रमाण घटल्याचे २०२१ मध्येच प्रसिद्ध झाले आहे. माणसांवर तपासलेल्या या औषधाला आपल्या आरोग्य पानावर उंदरांवरील प्रयोगाइतकी तरी जागा मिळायला हवी होती.

त्याच पानावर, बातमीला लागूनच, मधुमेह मुळासकट घालवणाऱ्या चूर्णाची जाहिरात आहे. ठरावीक आजार बरे करण्याच्या जाहिरातींना मनाई करणाऱ्या १९५४ च्या औषधे व जादुई उपाय कायद्याच्या अनुसूचीत मधुमेहाचा स्पष्ट उल्लेख असताना ती कोणत्या निकषावर स्वीकारण्यात आली, याचा खुलासा आपण अंकात छापावा, ही विनंती.

आपली,
एक नियमित वाचक, सातारा