हिमबिबट्याच्या शेजाऱ्यांचंही बघा

संपादक महोदय,

लडाखमधल्या हेमिस राष्ट्रीय उद्यानाचा विषय निघाला की गाडी हिमबिबट्यावरच अडते. १९८१ साली स्थापन झालेलं, सुमारे ४,४०० चौरस किलोमीटरचं हे उद्यान देशात सर्वांत मोठं. झाडी म्हणाल तर ओढ्याकाठी थोडीफार. बाकी उघडेबोडके, जांभळट-तपकिरी कडे. तिथे चरणारे भरल (रानमेंढ्यांसारखे प्राणी) दगडांत असे बेमालूम मिसळतात की एखादं शिंग हलल्यावरच कळप ध्यानात येतो. हिमबिबट्याची मुख्य भिस्त त्यांच्यावरच. पण तो मेंढ्यांच्या वाड्यात शिरला, तर फटका बसतो उद्यानातल्या रुंबकसारख्या गावांना. तेव्हा फोटोसाठी धावणाऱ्यांनी निदान मुक्काम तरी गावकऱ्यांच्या होमस्टेमध्येच करावा. सहलवाल्यांनी तसा आग्रहच धरायला हवा.

– एक वाचक