मंडपाला नको, माणसाला मानधन द्या

संपादक महोदय,

१० सप्टेंबरला आत्महत्या प्रतिबंध दिन आणि १० ऑक्टोबरला मानसिक आरोग्य दिन. दोन्ही दिवशी फेऱ्या निघतात, पथनाट्ये होतात, पाहुण्यांना शाल-श्रीफळ मिळते. व्हावे हे सगळे. पण तरुणांच्या आत्महत्या रोखण्यासाठीचा पैसा मंडप आणि बॅनरांतच विरून जावा, हे पटत नाही. ११ ऑक्टोबरला गोव्याच्या सत्तरी तालुक्यातल्या एखाद्या वाड्यावरच्या बारावी नापास मुलाने कोणाशी बोलायचे?

२०२२ साली देशात १,७०,९२४ आत्महत्यांची नोंद झाली. त्यांत १३,०४४ विद्यार्थी होते. आत्महत्येने होणाऱ्या मृत्यूंचे प्रमाण २०३० पर्यंत १० टक्क्यांनी खाली आणायचे, असे राष्ट्रीय धोरणही त्याच वर्षी आले. धोरण दिल्लीत झाले, तरी ते राबवायला माणूस गावात लागतो, आणि माणसाला महिन्याच्या महिन्याला पगार लागतो.

असा माणूस कसा घडवावा, हे शिकायला गोव्याला बाहेर जावे लागत नाही. पर्वरीच्या 'संगथ' संस्थेने मानसशास्त्राची पदवी नसलेल्या स्थानिकांना दोन महिन्यांचे प्रशिक्षण देऊन इथल्याच आरोग्य केंद्रांत समुपदेशक म्हणून बसवले. सरकारी केंद्रांत येणाऱ्या नैराश्याच्या आणि चिंतेच्या रुग्णांना त्याचा फायदा झाला, हे २०१० साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात छापून आले. पुढे बिहारमधल्या शाळांत याच संस्थेने स्वतंत्र समुपदेशक नेमले तिथे फरक पडला. तेच काम शिक्षकांवर सोपवले तिथे पडला नाही. जन्मभर शिक्षकी केलेल्या मला याचे नवल वाटत नाही. निवडणूक आणि जनगणना उरकणाऱ्या मास्तरच्या गळ्यात हेही का मारायचे? शिवाय जो गुण देतो, त्याच्यापाशी मूल मन कसे मोकळे करील?

१०० किंवा अधिक विद्यार्थी असलेल्या संस्थेत पात्र समुपदेशक हवा, असे सर्वोच्च न्यायालयाने जुलै २०२५ मध्ये सांगितले. चांगले झाले. पण शाळा सोडून टेम्पोवर, हॉटेलात किंवा नुसता घरी असलेला मुलगा कुठल्याच हजेरीपटावर नसतो. तो सापडतो फुटबॉलच्या मैदानावर, भजनाला, शिगम्याच्या मांडावर. म्हणून माझे म्हणणे असे: दर पंचायतीमागे दोन प्रशिक्षित तरुण, एक मुलगा आणि एक मुलगी, नेमावेत. त्यांना दरमहा मानधन आणि महिन्यातून एकदा बांबोळीच्या सरकारी मनोरुग्णालयातल्या तज्ज्ञांचे मार्गदर्शन मिळावे. हे निदान पाच वर्षे न थांबता चालावे. वर्षभराचा प्रकल्प संपला की शिकलेला माणूस दुसरी नोकरी धरतो आणि त्याच्याशी बोलू लागलेली मुले पुन्हा एकटी पडतात.

एक अट मात्र हवी. समुपदेशक शेजारच्या गावचा असावा. आमच्याकडे सकाळी दवाखान्याच्या दारात कोण उभा होता, हे सांजेच्या आरतीपर्यंत देवळात पोचलेले असते! बांबोळीचे नाव काढले की घरचेच पहिल्यांदा दबकतात.

पैसा कुठून आणायचा? डिचोली, सत्तरी, सांगे, केपे या खाणपट्ट्यांसाठी जिल्हा खनिज निधी आहे. आरोग्य आणि शिक्षण हे त्या निधीच्या खर्चाचे अग्रक्रमाचे विषय आहेत. २०१२ साली पहिल्यांदा खाणी थांबल्या आणि २०१८ मध्ये पुन्हा, तेव्हा ज्यांच्या बापांचे ट्रक अंगणात उभे राहिले, ती शाळकरी मुले आज तरुण आहेत. त्यांच्यासाठी या पैशाचा एक वाटा राखून ठेवणे कोणाला जड वाटू नये. बाकीच्या तालुक्यांत कंपन्यांचा सामाजिक दायित्व निधी वापरता येईल. फक्त देणगीच्या पत्रात उद्घाटनाच्या तारखेऐवजी मानधनाची मुदत लिहून घ्यावी.

आपल्याकडेही एक मागणे आहे. आत्महत्येच्या बातमीला ठळक जागा देऊ नये, कृती कशी केली याचे वर्णन करू नये, असे प्रेस कौन्सिलने २०१९ सालीच सांगितले आहे. अशा प्रत्येक बातमीखाली टेली मानस या सरकारी मानसिक आरोग्य मदतवाहिनीचा १४४१६ हा चोवीस तास चालणारा मोफत क्रमांक चौकटीत छापावा.

एक निवृत्त शिक्षक, साखळी