बाई, तुम्ही फळा पुसला नाहीत

आदरणीय बाई,

सादर नमस्कार.

तुमचं आणि शाळेचं नाव इथे लिहीत नाही. तुम्हाला ते आवडणार नाही, एवढं चार महिन्यांत कळलंय.

शनिवारी आमची बी.एड.ची इंटर्नशिप संपली. निरोपाला बोलायचं म्हणून मी आदल्या रात्री दोन पानं लिहून आणली होती. तुमच्यासमोर आले आणि वाकून नमस्कार केला, तेवढंच जमलं. तुम्ही पाठीवर हात ठेवून "डबा खाल्लास का गं?" एवढंच विचारलंत. कळव्याहून दिव्याला उतरेपर्यंत माझे डोळे कोरडे झाले नाहीत. ती दोन पानं मी फाडून टाकली. त्यांत तुमचं मार्गदर्शन, तुमचा अनुभव असं सगळं होतं, पण फळा नव्हता. मला खरं तर फळ्याबद्दलच बोलायचं होतं.

त्याआधी दुसऱ्या एका शाळेबद्दल सांगायला हवं. बी.एड.च्या दोन वर्षांतले वीस आठवडे शाळेत काढायचे असतात. त्यातले पहिल्या वर्षीचे चार आठवडे माझे ठाण्यातल्याच एका शाळेत गेले. तिथे आम्हाला बसायला जागा नव्हती. आम्ही सहाजणी जिन्यात बसून डबा खायचो. ऑफ तास आला की आमच्यापैकी कुणालाही वर्गावर पाठवायचे, मग तिचा विषय कुठला का असेना. गुणपत्रकं भरायला बोलावायचे, तेव्हा मात्र आम्ही सगळ्यांच्या लक्षात असायचो. हे सगळं मी सोसलं असतं. पण तिथला माझा तिसरा पाठ संपला, मी अजून फळ्यापुढच्या पायरीवर उभी होते, खडू हातात होता, आणि त्या वर्गाचे सर आत आले. माझ्याकडे न बघता त्यांनी डस्टर उचललं. एका बाजूने पुसत निघाले. "तुमचं झालं ना? आम्हाला पोर्शन संपवायचाय." मुलं अजून आकृती काढत होती. एका मुलीचं बोट फळ्याच्या दिशेने वर होतं, ती काहीतरी विचारणार होती. तिने बोट खाली घेतलं. त्या आकृतीसाठी मी रात्री घरी जुन्या वर्तमानपत्रावर चार वेळा सराव केला होता. मी पायरीवरून खाली उतरले तेव्हा माझ्या साडीवर खडूची भुकटी पडली होती.

त्या दिवसापासून माझ्या मनात बसलं होतं की मी वर्गात उभी राहते ती कुणाच्या तरी जागेवर, आणि जाताना ती जागा पुसून द्यायची असते.

मग तुमची शाळा. पहिल्या दिवशी तुम्ही तुमच्या कपाटातला खालचा कप्पा रिकामा केलात आणि किल्ली माझ्या हातात दिलीत. त्याबद्दलही आभार मानायचे राहिलेत. आणि रुळांच्या कडेच्या वर्गात शिकवायचं कसं, ते तुमच्याकडे बघून शिकले. गाडी आली की तुम्ही वाक्य अर्ध्यात थांबवता, मुलंही पेन थांबवतात, आणि गाडी गेली की तुम्ही त्याच शब्दापासून पुढे जाता. आवाज चढवत नाही. मी आधी गाडीच्या वरताण ओरडायचे आणि दुपारपर्यंत माझा घसा बसायचा.

आता तो दिवस. नववी 'ब', ध्वनीचा अभ्यास, प्रतिध्वनी. मागच्या बाकावर आमचे प्राध्यापक निरीक्षणाला बसले होते. मी फळ्यावर भिंत काढली, माणूस काढला, बाण काढले. हवेत ध्वनीचा वेग बावीस अंश सेल्सिअसला सेकंदाला ३४४ मीटर. ऐकलेला आवाज आपल्या मेंदूत ०.१ सेकंद टिकतो. म्हणून प्रतिध्वनी वेगळा ऐकू यायला भिंत किमान ३४.४ मीटर अंतरावर हवी, असं मी मोठ्या अक्षरांत लिहिलं आणि चौकटीत घातलं. आवाज जाऊन परत येतो, म्हणजे त्याचं निम्मं करायचं असतं, हे माझ्या पाठाच्या टाचणात होतं. हातातून फळ्यावर आलं नाही. आणि तेवढ्यात खिडकीपाशी बसणाऱ्या त्या मुलाने विचारलं, "मॅडम, गणपतीत गावी जाताना गाडी पारसिकच्या बोगद्यात शिरली की आवाज एवढा का वाढतो? तो प्रतिध्वनी असतो का?"

किती चांगला प्रश्न होता तो! १९१६ सालचा, सव्वा किलोमीटरहून लांब बोगदा त्याच्या शाळेपासून इतका जवळ, आणि त्याने पुस्तकातलं वाक्य त्यातून नेऊन बघितलं. मला उत्तर सुचलं नाही. "बोगद्यात समोर भिंत नसते" असं काहीतरी मी म्हणाले, आणि माझं मलाच कळलं की हे बरोबर नाही. प्राध्यापकांचं पेन चालू झालं. बेल वाजली. त्यांच्या शेऱ्यात लाल शाईत काय आलं ते तुम्ही वाचलंत, इथे लिहीत नाही.

पुढचा तास तुमचाच होता, बीजगणिताचा. तुम्ही दारात उभ्या होतात, किती वेळ ते मला माहीत नाही. फळा पुसायची पाळी असलेली मुलगी उठली, डस्टर घेऊन पुढे आली. मी वही गोळा करत होते. मला फक्त तिथून निघायचं होतं.

तुम्ही म्हणालात, "राहू दे गं. मॅडमचं अजून संपलेलं नाही."

एकट्यात तुम्ही मला अगं-तुगं करता. वर्गात एकदाही केलं नाहीत.

मग तुम्ही फळ्यावर उजवीकडे एक उभी रेघ मारलीत. हातभर रुंदीची पट्टी उरली असेल. वरच्या कोपऱ्यात 'पुसू नये' लिहिलंत आणि त्या पट्टीत दोन चलांची समीकरणं सोडवायला लागलात. समीकरण मावेना तेव्हा बरोबरच्या चिन्हापाशी तोडून खालच्या ओळीत नेलंत. पट्टी भरली की तेवढीच पुसायची, पुन्हा लिहायचं. मी दाराबाहेर उभी राहून बघत होते, हे तुम्हाला कदाचित माहीत नसेल. अख्खा तास तुम्ही अंग चोरून शिकवलंत. एकदा तुमच्या खांद्याने माझ्या भिंतीचा कोपरा पुसला गेला, तर तुम्ही खडू घेऊन तो पुन्हा काढलात. चौकटीतल्या ३४.४ ला हात लावला नाहीत. चूक तुम्हाला दिसली होती. दुरुस्त करायला दोन सेकंद लागली असती.

तुम्ही ती माझ्यासाठी ठेवलीत.

दुसऱ्या दिवशी तुमचा तास तुम्ही मला दिलात. दुपारच्या सत्राची मुलं त्याच वर्गात बसतात, त्यांनीही फळा पुसला नव्हता. मी त्या चौकटीभोवती गोल केला आणि मुलांना विचारलं, आवाज नुसता जातो की परतही येतो? पाच-सहा हात एकदम वर आले. १७.२. मग आम्ही सुतळी मोजून व्हरांड्यात तेवढं अंतर धरलं, आणि आपला वर्ग त्याच्या निम्म्यानेही नाही हे मुलांनी स्वतः मोजलं. बोगद्याच्या भिंती तर आणखी जवळ. म्हणजे वेगळा प्रतिध्वनी ऐकूच येणार नाही. आवाज भिंतीभिंतींवर आपटत राहील, एकात एक मिसळेल आणि रेंगाळेल. "निनाद!" तो खिडकीतला मुलगा ओरडला. त्या क्षणी बाहेरून गाडी गेली. मी थांबले. सगळा वर्ग थांबला. आणि मी त्याच शब्दापासून पुढे गेले.

त्या दिवशीचा पाठ बघायला कुणी प्राध्यापक नव्हते. त्याचे गुण कुठेही नाहीत.

बाई, तुम्ही या गोष्टीबद्दल नंतर कधी एक शब्दही काढला नाहीत. मला शिकवण दिली, असं तुमच्या चेहऱ्यावर कधी दिसलं नाही. मी याचा फार विचार केला. दुपारच्या गाडीत एखादी बाई न सांगता सरकते आणि चौथ्या सीटपुरती जागा करते. आपण बसलो की ती पुन्हा खिडकीबाहेर बघायला लागते. आभार मानायची संधीसुद्धा देत नाही. माणसातला चांगुलपणा मला तिथे दिसतो. स्वतःची सोय थोडी कमी करून, दुसऱ्याला त्याचं ओझं न वाटू देता. टीईटीची पात्रता परीक्षा होईल, नोकरी मिळेल तेव्हा मिळेल. त्याआधी मला हे येऊ दे, असं मनापासून वाटतं. त्या पहिल्या शाळेतल्या सरांना पोर्शन संपवायचा होता, हे मी समजू शकते. तुम्हालाही संपवायचाच होता.

शनिवारची एक गोष्ट तुम्हाला सांगायची राहिली. तुम्ही मुख्याध्यापकांकडे गेला होतात. माझा शेवटचा तास संपला, नववी 'ब'च्या फळ्यावर माझं अक्षर होतं. तीच मुलगी डस्टर घेऊन उठली, पुढे आली आणि फळ्यापाशी थांबली.

"मॅडम, तुमचं संपलं का? पुसू?"

तुमची,
छात्राध्यापिका, बी.एड. द्वितीय वर्ष
दिवा