इसेला जाऊन आले

नागोया, जपान, रविवार

ती. आई-बाबांस,
शि. सा. न. वि. वि.

फोनवर माझा आवाज बसलेला वाटला म्हणून काळजी करू नका, तो थंडीने, बाकी काही नाही. तूरडाळ मिळते, कुकर आहे, उपाशी नाही मी. आणि बातम्यांत भूकंप दिसला की बाबांनी आधी नकाशात नागोया शोधावं, मग फोन करावा.

काल इसेला जाऊन आले. एकटी नव्हते, ऑफिसातल्या दोघी बरोबर होत्या. रेल्वेने दीड तास. सूर्यदेवी अमातेरासूचं ते देऊळ. आई, तिथे पायातलं काढायचं नसतं, शेवटपर्यंत बूट घालूनच! मूर्ती दिसत नाही. कुंपणाच्या दारात पांढरा पडदा. त्याच्यासमोर दोनदा वाकायचं, दोन टाळ्या, पुन्हा एकदा वाकायचं. मी मनात रामरक्षा म्हटली.

पण खरी गंमत पुढेच. हे देऊळ दर २० वर्षांनी नवं बांधतात. मोडकळीला आलं म्हणून नव्हे, ठरलेलंच असतं. शेजारी तेवढीच जागा मोकळी राखलेली. तिथे हिनोकीच्या लाकडाचं हुबेहूब देऊळ उभं करायचं, खांब थेट जमिनीत रोवलेले, वर गवताचं छप्पर. मग रात्री देवीला तिकडे न्यायचं आणि जुनं उतरवायचं. इ.स. ६९० पासूनची रीत, मधे लढायांच्या काळात खंड पडला तेवढाच. २०१३ मध्ये ६२वी वेळ झाली, पुढची २०३३ला. बाबा, लाकूड वाया जात नाही हो! नदीवरच्या उजी पुलाच्या दोन्ही टोकांच्या कमानी जुन्या देवळांच्या खांबांच्याच आहेत. वीस वर्षांत सुतारांची पुढची पिढी हाताखाली तयार होते, असं मैत्रीण म्हणाली. मग देऊळ जुनं म्हणायचं की नवं, असं विचारलं तर दोघी माझ्याकडे बघतच राहिल्या.

पडवीच्या छपरासाठी चाळीस हजार पाठवलेत. माणूस लावा, बाबांनी वर चढायचं नाही. मावशीने सुचवलेल्या स्थळाला मी नाही म्हटलेलं नाही. फक्त पत्रिका बघण्याआधी तो इकडे राहायला तयार आहे का, ते विचारा. तुम्हाला वाटतं मी टाळते, तसं नाही.

दादाच्या साखरपुड्याला जमत नाहीये. मार्चअखेर इथे रजा मागताच येत नाही, खरंच विचारून बघितलं. वहिनीच्या साडीचे पैसे वेगळे पाठवते, आई, तू निवड, चांगली भारी घे. आजीला मात्र 'येणार आहे' असं सांगू नका, ती दारात बसून राहते. अंगठी घालताना व्हिडिओ कॉल लावा, आणि फोन काकांच्या हातात देऊ नका, मागच्या वेळी मला नुसता पंखा दिसत होता.

तुमची,
मनू