आबा, त्या हाळीबद्दल

आबा, सप्रेम नमस्कार.

तुम्ही पत्र वाचत नाही, ठाऊक आहे मला. चष्मा सापडत नाही ही सबब आहे, हेही ठाऊक आहे. म्हणून हे उघडच लिहितेय. तुमचा नातू दिवसभर मोबाइलमध्ये तोंड घालून बसलेला असतो, तो दाखवेल वाचून.

मी ती भिशीच्या बायकांबरोबर बामणोलीला आलेली बाई. सगळ्या जणी वासोट्याकडं जायला लाँचमध्ये चढल्या आणि मी चपला हातात घेऊन काठावर तशीच उभी. तुम्ही विचारलंत, "का ओ ताई, पाण्याचं वावडं हाय काय?" मी हसण्यावारी नेलं. मग सगळं सांगून टाकलं. आईचं माहेर कोयनेच्या पाण्याखाली गेलं. ती मरेपर्यंत शिवसागरात होडीत बसली नाही. "माझ्या अंगणावरनं होडी नेऊ नका," म्हणायची. तिची भीती माझ्यात उतरली, आणि आता मुलगा म्हणतोय, आई, पाच महिने इंग्लंडला ये. त्याचं घर म्हणजे होडी. भाड्याचं घर परवडेना म्हणून नवरा-बायकोनं जुनी नॅरोबोट घेतली आणि कालव्यावर राहायला लागले.

तुम्ही म्हणालात, "गर्दी नसंल तवा एकट्या या."

साताऱ्याहून कासमार्गे एसटीनं मी सहा वेळा आले. पहिल्या दिवशी तुम्ही लाँच सोडलीच नाही, नुसतं चढ-उतर करायला लावलंत. "पाय काठावर न्हाई, मदी टाका. गुडघं मऊ ठिवा." दुसऱ्या दिवशी दोर. खुंट्याला दोन वेढे घालून टोक हातात धरायचं, "भार खुंट्यानं घ्यायचा, तुमी न्हाई." आणि मग ती उतारावर कलंडून लटकलेली होडी दाखवलीत. कुणीतरी दोर घट्ट बांधून गेला होता आणि पाणी खाली गेलं होतं. "पाणी उतरतंय तिथं गाठ मारून जायाचं न्हाई, ताई." कोयनेचं पाणी मे महिन्यापर्यंत रोज थोडं थोडं उतरतं, त्यामुळं तिथं चूक कळायला वेळ मिळतो. तिकडं तो मिळत नाही, हे मला पुढं कळलं.

शेवटचा धडा हाळीचा. मी "अहो, ऐकलं का" अशा आवाजात पलीकडच्या होडीवाल्याला हाक मारली तर तुम्ही पोट धरून हसलात. "पाण्यावर असं न्हाई चालत. बेंबीच्या देठापासनं वरडा." आयुष्यभर हळू बोल, हळू बोल ऐकलेली बाई मी. एकसष्टाव्या वर्षी तुमच्या लाँचवर उभी राहून ओरडायला शिकले.

आता तिकडचं ऐका. होडी सत्तावन्न फूट लांब आणि रुंदीला पावणेसात फुटांच्या जरा वर. आमच्या मंगळवार पेठेतल्या बोळात चूल मांडून राहावं तसं. तिकडच्या कालव्यांवर होडी चढवा-उतरवायच्या दोन दारांच्या जागा असतात, त्यांना लॉक म्हणतात; कितीतरी लॉक सातच फूट रुंद आहेत, म्हणून होडीही तेवढीच. एका टोकाला झोपायचं, मध्ये स्वयंपाक, मागं इंजिन. वेग ताशी चार मैलांच्या वर न्यायचा नाही. काठच्या पायवाटेवरून मी पिशवी घेऊन चालत होडीला मागं टाकायची! ही पायवाट पूर्वी होड्या ओढणाऱ्या घोड्यांची. कायमची जागा घेतलेली नसेल तर एका ठिकाणी चौदा दिवसांच्या वर मुक्काम नाही. धनगरांचा वाडा हलतो तसं आमचं घर हलायचं. फक्त मेंढरांऐवजी बदकं मागं. भाकरी भाजायला घेतली की खिडकीच्या काचेवर चोची आपटायची.

काम बरंच असतं हो. पाण्याची टाकी आठवड्यानं नळावर भरायची. संडासाची पेटी स्वतः उचलून ठरलेल्या जागी रिकामी करायची. त्याचं मी जास्त वर्णन करत नाही. वीज छपरावरच्या सोलर पॅनेलची आणि बॅटऱ्यांची, त्यामुळं मिक्सर लावला की सून बॅटरीच्या आकड्याकडं बघायची. मी खलबत्ता मागवला. दाण्याची चटणी कुटायला लागले की शेजारच्या होडीतल्या आजी काठी टेकत बघायला यायच्या. त्यांना मराठी येत नाही, मला इंग्रजी बेताचं. चटणी दोघींना कळायची. रात्री आठनंतर बांधलेल्या होडीचं इंजिन चालू ठेवायचं नाही, म्हणून संध्याकाळी अशी शांतता की सुईतला दोरा ओढल्याचा आवाज यावा. पाच महिन्यांत एक गोधडी पुरी केली. टीव्हीची आठवण दोनदा आली, दोन्ही वेळा क्रिकेटमुळं.

आणि आता ज्यासाठी पत्र लिहायला बसले ते.

केनेट अँड एव्हन नावाचा १८१० साली पुरा झालेला कालवा आहे. त्यावर डेव्हायझेस गावाजवळ केन हिलचे २९ लॉक. दोन मैलांत २३७ फूट उतार. लॉक म्हणजे पाण्याची पायरी: होडी आत घ्यायची, मागचं दार लावायचं, पुढच्या दाराच्या झडपा उघडून पाणी सोडायचं, होडी खाली उतरते. एकेका पायरीला आठेक फूट, आणि तेही काही मिनिटांत. मुलगा झडपांवर, सून सुकाणूच्या दांड्यावर, मी वर काठावर खुंट्याला वेढे घालून दोर सोडत होते. चार लॉक छान झाले. पाचव्यात चष्म्यावर पाऊस आला. पुसायला हात मोकळा हवा म्हणून मी गाठ मारली.

होय आबा. तुम्ही जी मारू नका म्हणालात तीच.

चष्मा पुसून होईस्तोवर होडी एका अंगाला कलली होती. आतली ताटं घसरल्याचा खडखडाट ऐकला. गाठ सोडायला गेले तर भारानं ती दगडासारखी झालेली. सून खाली दांड्याला धरून, तोंडातून शब्द नाही. तेव्हा माझ्या पोटातून जी हाळी निघाली ती माझी नव्हतीच, तुमच्या लाँचवरची होती. "थांऽऽब! पाणी बंद कर!" मुलगा सांगतो, पुढच्या दोन लॉकवरची माणसंसुद्धा वळून बघायला लागली. त्यानं झडपा टाकल्या. मग वरच्या दाराच्या झडपांमधून पाणी आत घेतलं, होडी वर आली, दोर सैल पडला. दोन ताटल्या आणि लोणच्याची बरणी गेली. बाकी सगळे जागच्या जागी.

सून एक अक्षर बोलली नाही. चहा केला. तिनं ओरडावं असं मला फार वाटत होतं. उरलेल्या चोवीस लॉकांत मी दोन वेढे आणि मोकळं टोक, याशिवाय काही केलं नाही. चष्मा ओला तर ओला.

दोराचा धडा मी विसरले, हाळीचा नाही विसरले. एवढंच सांगायचं होतं. सहा फेऱ्यांचे पैसे तुम्ही घेतले नाहीत, "तुमी कुटं वासोट्याला गेलाय," म्हणालात. ती बाकी आहे.

मे महिन्यात पाणी उतरलं की जुनी जोती वर येतात म्हणे. आईचं गाव नेमकं कुठं ते तुम्हाला माहीत असणार. तिथवर न्याल का? डबा मी आणते, दाण्याची चटणीही. या वेळी मात्र भाडं घ्यायचं, नाहीतर मी काठावरूनच हाळी देईन.

तुमची,
सातारची ताई