दरवाजा तुटतो, त्यामागचे हात

संपादक महोदय,

‘सीआयडी’ या हिंदी टीव्ही मालिकेची आठवण निघाली की ‘दया, दरवाजा तोड दो’ हे वाक्य येतंच. दयाची भूमिका करणाऱ्या दयानंद शेट्टी यांचा दणका खराच, पण ते दार तुटावं यासाठी सुतार आणि सेटिंगवाले आधीपासून राबतात, त्यांच्याविषयी कुठे छापून येत नाही.

असं दार पातळ प्लायचं करतात. कडीच्या बाजूची पट्टी मागून अर्धवट कापतात आणि सांधा लांबी (पुट्टी) भरून, रंग देऊन बुजवतात. काप उथळ राहिला तर नटाचा खांदा दुखावतो. खोल गेला तर हात लागताच दार उघडतं आणि टेक वाया जातो. सगळ्यात जास्त नडते ती भिंत. सेटची भिंतही प्लायचीच असते. मागे टेकू आणि वाळूच्या पिशव्या नसल्या तर दाराबरोबर भिंत आणि तिच्यावरची तसबीरही हलते. प्लायचा आवाज पोकळ येतो, म्हणून कानठळ्या बसवणारा दणका नंतर ध्वनिमिश्रणात घालावा लागतो. रीटेकसाठी तसंच दुसरं दार तयार ठेवावं लागतं, ते वेगळंच.

रक्ताचं काम याहून किचकट. ग्लिसरीन आणि खाण्याचा लाल रंग यांचं मिश्रण दिव्यांखाली ओलं, चकचकीत राहतं. खरं रक्त मात्र काही तासांत काळपट पडतं. मृत्यू आदल्या रात्रीचा असेल तर रंगात तपकिरी छटा मिसळायलाच हवी, नाहीतर मालिकेतले न्यायवैद्यक तज्ज्ञ डॉ. साळुंखे यांचं निदान खोटं वाटतं. त्यात एका जागेचे सगळे प्रसंग सलग उरकायचे असल्याने चित्रीकरण कथेच्या क्रमाने होत नाही. डाग किती पसरला होता, बाही कुठवर दुमडली होती, हे कंटिन्युइटी पाहणाऱ्या सहायकाने फोटो काढून जपलं नाही तर संकलनात ती चूक झाकता येत नाही.

‘सीआयडी’चे निर्माते-दिग्दर्शक बी. पी. सिंग हे मुळात पुण्याच्या फिल्म इन्स्टिट्यूटमध्ये घडलेले छायालेखक. 2004 मध्ये त्यांनी मालिकेचा 111 मिनिटांचा भाग एकाही कटविना चित्रित केला. अशा कामात कॅमेरा सगळीकडे फिरतो, त्यामुळे दिव्यांचे स्टँड जमिनीवर ठेवता येत नाहीत आणि बूम (लांब दांड्यावरचा माइक) धरणाऱ्याची सावलीसुद्धा पडून चालत नाही. शंभराव्या मिनिटाला कुणी अडखळलं तर पुन्हा पहिल्यापासून सुरुवात. अख्ख्या युनिटची ती कसोटी होती.

1998 मध्ये सुरू झालेली ही मालिका 2018 मध्ये थांबली आणि 2024 च्या डिसेंबरमध्ये परतली. इतका काळ टिकलेल्या कामाची श्रेयनामावली वाहिन्यांनी वाचता येईल अशा वेगाने दाखवावी. आपल्या मनोरंजन पुरवणीतही मालिकांवर लिहिताना कलाकारांबरोबर कलादिग्दर्शक, ध्वनिमुद्रक, साहसदृश्य दिग्दर्शक आणि सेटिंगप्रमुख यांची नावं छापावीत, ही विनंती.

– मालिका क्षेत्रातील काही तंत्रज्ञ, गोरेगाव, मुंबई